सोसायटीमागची पाणथळ वाचवायची तर आधी तिच्या पाण्याची वाट शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईच्या उलवे-द्रोणागिरी पट्ट्यात एका ताईंच्या सोसायटीच्या मागे साधारण १२ एकरांची पाणथळ जागा आहे. पावसाळ्यात तुडुंब भरते, मे महिन्यात निम्मी सुकते, मोठ्या उधाणाला थोडं खारं पाणीही आत येतं, हिवाळ्यात पक्षी असतात. आता पलीकडच्या ५ एकरांच्या प्लॉटवर चार टॉवर येतायत, ४०० फ्लॅट. बिल्डरची माणसं सोसायटीच्या मीटिंगला येऊन म्हणाली की तलावाच्या एक इंच जागेला हात लावणार नाही, उलट स्वखर्चाने कडेने भिंत, जॉगिंग ट्रॅक, दिवे असं सुशोभीकरण करून देतो. ताई विचारतात, हे लेखी घेतलं तर पुरेल का, आणि नाही तर सोसायटीने नेमकं काय करायचं?

ताई, नाही पुरणार. मी २० वर्षांहून जास्त काळ रायगड-ठाण्याच्या पाणथळींची मोजमापं करतोय आणि ज्या जागा माझ्या डोळ्यांसमोर संपल्या त्यातल्या बऱ्याच जागांना कोणी हातच लावला नव्हता. भराव नाही, अतिक्रमण नाही, सातबाऱ्यावरचं क्षेत्र होतं तेवढंच. फक्त पाणी येणं बंद झालं, किंवा नको त्या वेळी नको तेवढं यायला लागलं. त्यामुळे "जागेला हात लावणार नाही" हे आश्वासन ऐकायला कितीही चांगलं वाटलं तरी तुमची पाणथळ त्यावर वाचत नाही, तुम्हाला जागेबद्दल नाही तर पाण्याबद्दल लेखी हवंय.

हे मला ज्यांनी शिकवलं ते आगरी काका आता नाहीत. पनवेल तालुक्यातल्या एका गावाजवळ अशीच जागा होती, आम्ही चारपाच जणांनी दोन वर्षं पाठपुरावा करून तिला कुंपण करून घेतलं, बोर्ड लावला, खूप आनंदात होतो. त्याच सुमारास शेजारचा रस्ता रुंद झाला आणि रस्त्याखालची जुनी दगडी मोरी काढून तिथे सिमेंटचे दोन पाईप टाकले. काका मला हाताला धरून तिकडे घेऊन गेले, पाईपाच्या तोंडाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "तलावाला कुंपन घातलास, पन त्याचा नरडा आवळलाय त्याचा काय?" मी टेप लावून बघितलं. नव्या पाईपाचा तळ जुन्या मोरीच्या तळापेक्षा ४० सेंटिमीटर वर होता. एवढंच. रोजची भरती तेवढी चढतच नव्हती, फक्त वर्षातल्या मोजक्या मोठ्या उधाणांचं पाणी आत यायचं. पहिल्या पावसाळ्यात कोणाला काही कळलं नाही कारण पाऊस होता, पाणी दिसत होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात चिखलाला भेगा पडल्या, निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) गेल्या, तिसऱ्या वर्षी कडेने विलायती बाभूळ आत सरकली. आणि मग लोकच म्हणायला लागले की इथे कसली पाणथळ, ही तर पडीक जागा. कुंपण शेवटपर्यंत शाबूत होतं.

म्हणून पहिलं काम वकील नाही, अर्ज नाही. आधी पाण्याच्या वाटा शोधा. तुमच्या जागेला दोन बाजूंनी पाणी येतंय असं दिसतं, वरून म्हणजे डोंगराकडून पावसाचं आणि खालून खाडीचं. दोन्ही वाटा चालून बघा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन. हा सगळा पट्टा मुळात खाजण आणि खारभूमीचा, म्हणजे खाडीच्या पाण्याच्या आणि बांध घालून पिकाखाली आणलेल्या जमिनीचा आहे, इथे पूर्वी बांध होते, बांधात उघाड्या होत्या, म्हणजे लाकडी झडपेचं दार, भरतीला बंद होतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. कुठली उघाडी मोडली, कुठे खांड पडली म्हणजे बांध फुटला, कुठल्या नाळेतून पाणी शिरतं हे ज्यांनी तिथे भातशेती आणि मासेमारी केली त्यांना तोंडपाठ असतं, कुठल्याही नकाशात ते सापडणार नाही. त्यांना फक्त साक्षीदार म्हणून नका बोलावू, त्यांचं म्हणणं सविस्तर लिहून घ्या, त्यांचा त्या पाण्यावर तुमच्या-माझ्या आधीपासूनचा हक्क आहे.

हे किती गंभीर आहे ते बघायचं तर लांब जायला नको. नवी मुंबईतल्या सीवूड्सचा ३० एकरांचा डीपीएस तलाव घ्या. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, तलाव सुकत गेला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्या परिसरात फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तिथेही तलावात कोणी इमारत बांधली नव्हती. फ्लेमिंगो ओहोटीला खाडीच्या उघड्या चिखलावर खातात, भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो, मग त्यांना काही तास थांबायला उथळ जागा लागते, त्या जागा म्हणजे डीपीएस, एनआरआय, टीएस चाणक्य, आणि उरणकडे पाणजे, भेंडखळ, बेलपाडा. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ ला झालं, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं, पण या थांबण्याच्या जागा गेल्या तर नुसत्या खाडीचं संरक्षण अर्धवट राहतं. तुमची १२ एकर कदाचित अशाच साखळीतली एक कडी असेल, भरतीच्या वेळी तासभर उभं राहून मोजा म्हणजे कळेल.

आता वरच्या बाजूच्या पाण्याचं बघू, कारण टॉवरचा खरा परिणाम तिथून येणार आहे.

५ एकर म्हणजे साधारण २०,००० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं, म्हणजे १०० मिलिमीटरच्या दिवशी (आपल्याकडे जुलैत असे दिवस नवीन नाहीत) त्या प्लॉटवर २० लाख लिटर पाणी पडतं. आज तिथे गवत आणि माती आहे, त्यातलं बरंचसं मुरतं, उरलेलं हळूहळू वाहत तुमच्या तलावात येतं, दोन-तीन दिवस येत राहतं. उद्या तिथे पोडियम, पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट असेल. मग त्यातलं ९० टक्के पाणी पडल्यापासून तासाभरात पाईपातून धो धो बाहेर पडणार. हे पाणी तलावात सोडलं तर पातळी एका रात्रीत चढते आणि तशीच उतरते, नाल्यात वळवलं तर तलाव उपाशी राहतो. दोन्ही वाईट. आणि हे ठरवणारी गोष्ट म्हणजे ड्रेनेजच्या प्लॅनवरची एक रेघ असते जी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी दाखवत नाही, तिथे ट्रॅकचे रंगीत फोटो दाखवतात.

पातळीचा चढउतार एवढा महत्त्वाचा का, तर बेडकांची अंडी, काठावरच्या गवतातली घरटी, सगळं त्यावर बेतलेलं असतं. अमेरिकेत सिॲटलच्या आसपास वस्ती वाढत गेली तसा तिथल्या पाणथळींचा बरीच वर्षं अभ्यास झाला, त्यात दिसलं की पातळीतला सरासरी चढउतार २० सेंटिमीटरच्या वर गेला की उभयचरांच्या जाती कमी होतात. २० सेंटिमीटर म्हणजे वीतभर! तिथलं हवामान वेगळं, आपला पाऊस वेगळा, आकडा जसाच्या तसा इथे लावू नका, पण वीतभर पाण्याचा फरक केवढा मोठा असतो ते लक्षात ठेवा. आपल्याकडे शेकाट्या, तुतवार, टिटव्या यांच्या पायांची उंची बघा म्हणजे कळेल त्यांना किती खोल पाणी चालतं.

बांधकामाच्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त नुकसान गाळाने होतं आणि ते भरून काढता येत नाही. बेसमेंट खणलं की माती उघडी पडते, पहिल्या जोरदार पावसात ती लाल-तपकिरी होऊन थेट खाली येते. खड्ड्यात साठलेलं पाणी पंप लावून रात्री उपसतात, तो पाईप बहुतेक वेळा जवळच्या खोलगट जागेत सोडलेला असतो, म्हणजे तुमच्या तलावात. ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीटची गाडी) धुतलेलं सिमेंटचं पाणी तर फारच जहाल, त्याने पाण्याचा सामू (पीएच) इतका वाढतो की मासे आणि बेडकांची पिल्लं टिकत नाहीत. मी एका ठिकाणी काठावर पांढरट साय धरलेली बघितलीय, बोटाने उचलली तर कवच निघालं, खाली काहीही जिवंत नव्हतं.

त्यामुळे तुमचं सगळ्यात तातडीचं मागणं हे हवं की खोदकामाचं वेळापत्रक पावसाळा धरून ठरवा, ३१ मेच्या आत उतारावर गाळ अडवणारे चर आणि सेटलिंगचे खड्डे तयार झाले पाहिजेत, उपसलेलं पाणी त्या खड्ड्यातून निवळूनच बाहेर जाईल, मिक्सर धुवायची जागा वेगळी आणि पक्की असेल. यात बिल्डरचा फार खर्चही नाही, नीट चांगल्या भाषेत सांगितलं तर साइट इंजिनिअर ऐकतात असा माझा अनुभव आहे, फक्त त्यांना आधी कोणी सांगितलेलं नसतं.

मग सांडपाणी. ४०० फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर हा नेहमीचा हिशोब, म्हणजे रोज २ लाख ७० हजार लिटर पाणी. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट असेलच, कागदावर असतोच. पण एसटीपीचा ओव्हरफ्लो कुठे जोडलाय ते विचारा. शुद्ध केलेलं का असेना, बारा महिने गोडं पाणी आत येत राहिलं तर मे महिन्यात सुकणारी जागा सुकणं बंद होते. लोकांना वाटतं अरे वा, आता वर्षभर पाणी! पण सुकणं हा त्या जागेचा श्वास आहे. सुकते म्हणून मोठे मासे टिकत नाहीत, म्हणून पहिल्या पावसात बेडकांची अंडी वाचतात. सुकते म्हणून जलपर्णी हातपाय पसरत नाही. बारमाही झाली की तिलापिया मासा येतो, जलपर्णी येते, पाणकणीस सगळी उथळ जागा गिळतं, पाणी साचून वास सुटतो, डास होतात, आणि चार वर्षांत तुमच्याच सोसायटीतले लोक म्हणतात बुजवा एकदाचं.

भिंतीबद्दल स्पष्ट सांगतो, भिंत घेऊ नका. पाणथळीचा जीव तिच्या काठात असतो, तो जो सपाट, चिखलाचा, हळूहळू उतरत जाणारा पट्टा असतो ना, जिथे पाणी आज इथे तर पुढच्या आठवड्यात चार पावलं मागे असतं, तिथेच पक्षी खातात. रिटेनिंग वॉल बांधली की तो पट्टा संपला, उरतो तो हौद. मी समजू शकतो की मुलाबाळांना, ज्येष्ठांना फिरायला जागा हवी असते, ही गरज खरी आहे. तर मग ट्रॅक मागे घ्या, मातीचा ठेवा, दिवे गुडघ्याएवढे आणि खाली तोंड करून लावा, रात्री दहाला बंद करा. मधल्या पट्ट्यात लॉन नको, लॉनचं खत पाण्यात जातं, तिथे आहे तेच गवत आणि झुडपं राहू द्या. तिवरं असतील तर त्यांना तर हातच लावता येत नाही.

आता कायदा, तोही गरजेपुरता, कारण इथे बरेच लोक गोंधळतात. पाणथळींचे केंद्राचे नियम २०१७ चे आहेत. त्यात भराव, अतिक्रमण, घनकचरा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी यावर बंदी आहे, आणि गेल्या १० वर्षांतल्या सरासरी महत्तम पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. म्हणजे बिल्डर देतोय ती भिंतच या नियमात अडकू शकते. पण हेच नियम सीआरझेडच्या, म्हणजे किनारा आणि खाडीलगतच्या नियंत्रित पट्ट्याच्या क्षेत्राला लागू होत नाहीत, तिथे सीआरझेडचे निर्बंध चालतात, आणि १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त कांदळवन असेल तर त्याभोवती ५० मीटरचा बफर येतो. तुमच्या जागेत उधाणाचं पाणी येतं, म्हणजे तुम्हाला आधी हे ठरवावं लागेल की कुठला भाग कशात येतो. मंजूर सीझेडएमपी नकाशा (किनारी क्षेत्र व्यवस्थापनाचा सरकारी नकाशा) काढून त्यावर तुमची हद्द बसवा. हे केलं नाही तर पाणथळ म्हटलं की समोरून उत्तर येतं ही सीआरझेड आहे, आणि सीआरझेड म्हटलं की उत्तर येतं भरतीरेषेच्या बाहेर आहे, मधल्या मध्ये वर्ष जातं.

"ही जागा सरकारी यादीतच नाही" हे वाक्य तुम्ही ऐकणारच आहात. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने केलेल्या ॲटलासमध्ये २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळी होत्या, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये त्यांना संरक्षण द्यायला सांगितलं, पुढच्या ॲटलासात आकडा २,३१,१९५ झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने त्यांची जागेवर जाऊन पडताळणी करायला सांगितलं. तुमची १२ एकर म्हणजे ४.८ हेक्टरच्या वर, तेव्हा ॲटलासमध्ये आधी शोधा. सापडली तर त्याची प्रिंट प्रत्येक अर्जाला जोडा. नाही सापडली तरी हार मानू नका, पाणथळ ही व्याख्येने ठरते, पाणी, माती, वनस्पती यावरून, नुसत्या यादीवरून नाही.

तक्रारीसाठी कोकण विभागात सोय चांगली आहे, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली पाणथळींची तक्रार निवारण समिती झालेली आहे, तिथे लेखी द्या आणि पोच घ्या. कोर्टात जायची वेळ आली तर एनजीटीचं, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, पण तिथे कारण घडल्यापासून ६ महिन्यांची मुदत असते, ती चुकवू नका, "बघू, दिवाळीनंतर बोलू" यात किती प्रकरणं गेली त्याला गणती नाही. नेरुळच्या टीएस चाणक्य-एनआरआयच्या जागेवरचा गोल्फ कोर्स आणि निवासी प्रकल्प १ नोव्हेंबर २०१८ ला उच्च न्यायालयाने रोखला, नंतर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ते रहिवाशांनीच नेटाने लावून धरलेलं होतं, कोणी मोठी संस्था वरून उतरली नव्हती.

बिल्डरचे कागद तुम्हाला घरबसल्या मिळतात. महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रकल्पाचा नंबर टाका, मंजूर लेआउट उतरवून घ्या. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर असेल, आणि चार टॉवर म्हटल्यावर असणारच, तर पर्यावरण मंजुरी लागते, ती केंद्राच्या परिवेश पोर्टलवर असते. त्यात पावसाच्या पाण्याचा आराखडा आणि एसटीपीबद्दलच्या अटी असतात आणि त्या पाळल्याचा अहवाल दर ६ महिन्यांनी द्यावा लागतो. मंजुरीसाठी दिलेल्या अर्जात "जवळचा जलस्रोत" या रकान्यात काय लिहिलंय ते आधी वाचा. तुमची पाणथळ तिथे लिहिलेलीच नसेल तर तो तुमच्या हातातला सगळ्यात मजबूत मुद्दा आहे.

आणि आता ते काम जे उद्यापासून करता येतं, ज्याला कोणाची परवानगी लागत नाही. पाण्याची पट्टी लावा. दोन मीटरचा पीव्हीसी पाईप, त्यावर ऑइल पेंटने ५-५ सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे, दर २५ ला आकडा, उन्हाळ्यात सगळ्यात खोल जागी घट्ट रोवा. शून्याची पातळी जवळच्या एखाद्या पक्क्या ओट्याशी किंवा पुलाच्या कठड्याशी जुळवून लिहून ठेवा म्हणजे पट्टी पडली तरी परत तशीच लावता येईल. दर रविवारी सकाळी एक फोटो, तारीख आणि जागा छापली जाईल अशा कॅमेऱ्याने. पावसाळ्यात मोठा पाऊस झाला की त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. सोसायटीतली आठवी-नववीची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नेटाने करतात, मी बघितलंय. सोबत पक्ष्यांच्या नोंदी ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) टाकत जा. बांधकाम सुरू व्हायच्या आधीचा एक पावसाळा जरी तुमच्याकडे मोजलेला असेल ना, तर नंतर जे बदललं ते दाखवता येतं. मी ज्या सुनावण्यांना बसलोय तिथे भावना सगळ्यांकडे असायच्या, आकडे क्वचित कोणाकडे, आणि ज्याच्याकडे वही असायची त्याच्याकडे अधिकारी वळून बघायचे. पूररेषा कुठली यावर वाद होतो तेव्हा हेच फोटो कामी येतात.

बिल्डरशी बोलणं तोडू नका. त्याने सुशोभीकरणाचे पैसे बाजूला काढलेच आहेत, तर ते पैसे प्लॉटच्या आत पाणी रोखून हळूहळू सोडणाऱ्या टाकीवर खर्च करायला सांगा, मोरीचा तळ जुन्या पातळीला ठेवायला सांगा, एसटीपीचं पाणी फ्लश आणि बागेला वापरून उरलेलं तलावाऐवजी मलनि:सारण वाहिनीला जोडायला सांगा. हे सगळं पातळ्यांच्या आकड्यांसकट नकाशावर, सही-शिक्क्यानिशी हवं, "पर्यावरणाची काळजी घेऊ" असल्या वाक्यात नको.

त्याआधी एक गोष्ट, थोडी कडू वाटेल. तुमच्या स्वतःच्या सोसायटीचं पावसाचं पाणी आणि गाड्या धुतलेलं पाणी कुठे जातं ते बघून घ्या. फ्लॅटच्या रिनोव्हेशनचं डेब्रिज मागच्या भिंतीवरून कोण टाकतं तेही. मी गेलोय अशा बऱ्याच ठिकाणी रहिवाशांचाच एक पाईप तलावात उघडा असतो, समोरचा वकील तो पहिल्याच दिवशी फोटो काढून आणतो. तो आधी बंद करा.

पुढच्या अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण मोठं असेल. भरतीच्या वेळेआधी तासभर रस्त्याखालच्या मोरीशी जाऊन थांबा, पाणी आत शिरतंय का, कुठपर्यंत चढतंय, किती वेळ टिकतंय ते लिहा, आणि ओहोटी लागल्यावर मोरीच्या तळाला टेप लावून रस्त्यापासूनची खोली मोजा. तो आकडा आणि आतून-बाहेरून दोन फोटो मला पाठवा, मग पुढचा अर्ज कोणाला आणि कुठल्या मुद्द्यावर करायचा ते आपण नीट बसून ठरवू.